टॅरो रीडिंग व्यवसाय म्हणून करताना: मला सतत येणारे प्रश्न

टॅरो म्हणजे चित्रांची ७८ कार्डं, आणि ती काढून माणसाच्या प्रश्नावर बोलणं म्हणजे रीडिंग. मला येणारे हे प्रश्न जास्त करून नवीन रीडर्सकडून येतात. काही अजून शिकताहेत, काहींनी नुकतंच पैसे घेऊन रीडिंग सुरू केलंय. दोन-तीन क्लायंटकडूनही आलेले आहेत. दरवेळी तुकड्या-तुकड्यात टाइप करण्यापेक्षा सगळं एकदाच सलग लिहून ठेवलंय. नंबर अशासाठी दिलेत की एका प्रश्नाचं अर्धं उत्तर बऱ्याचदा दुसऱ्यात असतं.

१. टॅरो रीडर नेमकं करतो काय? भविष्य सांगतो का?

मी तारीख-वार सांगत नाही. माणूस प्रश्न घेऊन येतो, कार्डं काढतो, आणि त्या चित्रांवरून त्याच्या प्रश्नाकडे बघायच्या दोन-चार वाटा मी त्याच्यासमोर ठेवते, त्यातली कुठली लागू पडते ते त्याला स्वतःला कळतं. बरेच रीडर प्रेडिक्शन करतात, माझं त्यांच्याशी भांडण नाही, पण तुम्ही जे करता ते बुकिंगच्या आधी स्वच्छ शब्दांत लिहून ठेवा. ज्याला 'लग्न कधी होईल' याचा महिना हवाय आणि ज्याला 'मी या नात्यात का अडकलोय' हे समजून घ्यायचंय, ते दोघं पूर्ण वेगळे क्लायंट आहेत, आणि पहिल्याच्या हातात दुसरं ठेवलं की रीडिंग कितीही चांगलं झालं तरी तो फसवलं गेल्यासारखा उठून जातो.

२. ७८ कार्डं पाठ व्हायला किती वेळ लागतो, आणि कुठल्या डेकने (कार्डांच्या संचाने) सुरुवात करू?

२२ मेजर अर्काना (डेथ, सन अशी मोठी कार्डं), ५६ मायनर (बाकीची), मायनरमध्ये चार सूट म्हणजे गट (वॉन्ड्स, कप्स, स्वोर्ड्स, पेंटॅकल्स) आणि प्रत्येक सूटमध्ये १४ कार्डं. रोज एक कार्ड घेऊन बसलात तर अर्थ काही महिन्यांत तोंडपाठ होतात. पण खरं शिकणं त्याच्यानंतर सुरू होतं, कारण नुसती तीन कार्डं क्रमाने काढली तरी ती ४,५६,४५६ प्रकारे पडू शकतात, उलटी कार्डं न धरता, आणि एवढ्या जोड्या कोणीच पाठ करू शकत नाही. शेजारचं कार्ड अर्थ कुठे वळवतंय ते बघायची सवय लावायची असते. थ्री ऑफ स्वोर्ड्स या दुखावलेल्या मनाच्या कार्डाच्या बाजूला सिक्स ऑफ कप्स असेल तर मी लहानपणच्या किंवा जुन्या दुखण्याबद्दल विचारते, तिथेच एट ऑफ पेंटॅकल्स असेल तर मन लावून केलेल्या कामाची कोणी किंमत केली नाही असं काही झालंय का ते विचारते.

डेक म्हणाल तर रायडर-वेट-स्मिथ घ्या. तो १९०९ मध्ये आला आणि त्यात मायनर कार्डांवरही पूर्ण प्रसंग काढलेले आहेत, त्यामुळे डोळ्यांना धरायला काहीतरी मिळतं. मार्सेय या जुन्या फ्रेंच परंपरेच्या डेकमध्ये तिथे बहुतेक सूटची चिन्हंच असतात, ते वाचायला वेगळी तयारी लागते. आणि ही चित्रं पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी काढलीत, कितीतरी वर्षं डेकच्या नावात प्रकाशक रायडर आणि लेखक वेट एवढेच होते, म्हणून मी आवर्जून 'स्मिथ' म्हणते.

एक बारीक गोष्ट. मेजर अर्कानात वेटने स्ट्रेंग्थ या कार्डाला ८ आणि जस्टिसला ११ नंबर दिला, मार्सेयमध्ये हे बरोबर उलटं आहे. जाणकार क्लायंट हे विचारतात, तेव्हा गडबडू नका.

३. क्लायंट विचारतात टॅरो हजारो वर्षं जुनं आहे का, इजिप्तमधून आलंय का. हो म्हणू का?

नको, कारण ते खरं नाही. टॅरोची कार्डं १५व्या शतकात उत्तर इटलीत पत्त्यांचा खेळ म्हणून तयार झाली, मिलानच्या व्हिस्कोन्ती आणि स्फोर्झा घराण्यांसाठी हाताने रंगवलेली कार्डं आजही संग्रहालयांत आहेत. इजिप्तची गोष्ट कूर द जेबलां नावाच्या फ्रेंच माणसाने १७८१ मध्ये छापली, आणि त्यावेळी इजिप्तची चित्रलिपी कोणाला वाचताही येत नव्हती, ती उलगडली १८२२ मध्ये. त्याच काळात एत्तेइला या टोपणनावाने लिहिणाऱ्या दुसऱ्या एका फ्रेंच माणसाने खास भविष्य बघण्यासाठी डेक काढला. म्हणजे टॅरोचा हा वापर अडीचशे वर्षांच्या आसपासचा, आणि मला तरी तो तेवढाच सुंदर वाटतो.

हा इतिहास इथे का आणला, तर शेवटी प्रश्न क्लायंटच्या विश्वासाचा आहे. तुमच्या प्रोफाइलवर 'प्राचीन इजिप्तची विद्या' लिहिलेलं असेल आणि क्लायंटने दोन मिनिटं सर्च केलं तर पुढे तुम्ही जे काही सांगाल त्याच्यावर तो शंकाच घेणार.

४. पहिला डेक गिफ्टच मिळावा लागतो ना?

नाही. स्वतः विकत घ्या, स्वतःला आवडलेला घ्या.

५. पैसे घ्यायला कधी सुरुवात करावी? मला अजून पुस्तक बघावं लागतं.

पुस्तक बघावं लागणं ही काही मोठी अडचण नाही, मी अजूनही डेकनुसार एखादं कार्ड तपासते. मी तीन गोष्टी बघायला सांगेन. अनोळखी लोकांची पुरेशी फुकट रीडिंग झालीत का (ओळखीच्यांची वेगळी भानगड आहे, प्रश्न १८ बघा). प्रत्येक रीडिंगची वहीत नोंद आहे का, कुठली कार्डं आली, तुम्ही काय म्हणालात, आणि नंतर त्या माणसाने काय सांगितलं. आणि कार्डं बघून काहीच सुचलं नाही तर 'हे कार्ड मला इथे नीट लागत नाहीये' असं समोरच्याला म्हणता येतं का. ही तिसरी बहुतेकांना जमत नाही, आणि मग गप्प बसायला लागू नये म्हणून मनाला येईल ते बोललं जातं, क्लायंट नेमकं तेच घरी घेऊन जातो.

६. फी आधी घ्यायची की नंतर? रीडिंग आवडलं नाही म्हणून पैसे परत मागितले तर?

आधी. पैसे नंतर मिळणार असले की नकळत आपण समोरच्याला आवडेल तसं बोलायला लागतो, हे मी स्वतःच्या बाबतीत पाहिलंय. फी वेळेवर लावा, म्हणजे अर्ध्या तासाची अमुक, तासाची अमुक, 'मोठ्या प्रॉब्लेमला जास्त' असा रेट ठेवू नका कारण मग प्रॉब्लेम मोठा दाखवण्यात तुमचाच फायदा होतो. सेशन चालू असताना दुसरं काहीही विकायचं नाही, पुढचं पॅकेज नाही, स्टोन नाही, क्लास नाही, माणूस तेव्हा हळवा झालेला असतो.

परतीचं आधी लिहून ठेवा. माझ्याकडे सेशन झालंच नाही किंवा माझ्यामुळे बिघडलं तर पूर्ण पैसे परत. पहिल्या दहा मिनिटांत क्लायंटला वाटलं की हे आपल्यासाठी नाही, तरी तिथेच थांबवून परत. पूर्ण वेळ झाल्यावर 'उत्तर आवडलं नाही' याला परत नाही. 'आणखी एकच कार्ड काढा ना' हे वेळेत बसत असेल तर काढते, नाहीतर नम्रपणे नाही म्हणते.

७. सेशनच्या सुरुवातीला नेमकं काय बोलायचं?

मी साधारण असं बोलते: "आपल्याकडे अर्धा तास आहे. मी कार्डांवरून बोलेन, ते तुम्हाला लागू होत नसेल तर तिथल्या तिथे सांगा, मला वाईट वाटणार नाही. आजारपण, कोर्टाचं काम, पैसे कुठे गुंतवायचे यावर मी कार्डं काढत नाही. इथे बोललेलं इथेच राहतं. तुम्हाला हवं तर रेकॉर्ड करा. आणि कुठल्याही क्षणी थांबवावंसं वाटलं तर थांबवू." एवढंच, एक मिनिटही लागत नाही.

मग प्रश्न नीट करून घ्यायचा, यात पाच मिनिटं गेली तरी जाऊ द्या. 'माझं करिअर' हा प्रश्न नाही, तो विषय आहे. 'ही नोकरी सोडायच्या आधी मी कशाचा विचार केलेला नाही' हा प्रश्न आहे, याच्यावर कार्डं बोलायला लागतात. नव्या रीडर्सना मी सगळ्यात जास्त हेच सांगते की शफल करायची घाई करू नका, माझ्या वहीत फसलेली बरीचशी रीडिंग मोघम प्रश्नामुळेच फसलेली आहेत.

८. उलटी कार्डं वाचायलाच पाहिजेत का?

नाही, कितीतरी अनुभवी रीडर वाचत नाहीत. एकच पाळा, वाचणार की नाही हे कार्डं पडायच्या आधी ठरवा. कार्ड उलटं पडलं, अर्थ नकोसा वाटला आणि हळूच सरळ केलं, हे क्लायंटला दिसतं.

९. डेथ, टॉवर, टेन ऑफ स्वोर्ड्स अशी कार्डं आली की क्लायंट घाबरतात. काय करू?

आधी थांबा, त्यांना बघू द्या. आपण घाईघाईने 'नाही नाही, डेथ म्हणजे मृत्यू नसतो, नवीन सुरुवात असते' असं म्हणून मोकळे होतो, पण समोरचा माणूस खरंच काहीतरी संपताना बघत असतो आणि त्याला ती गोड गोळी खोटी वाटते. मी म्हणते, "हे शेवटाचं कार्ड आहे, कुणाच्या मरणाबद्दल मी यावरून कधीच काही सांगत नाही, पण तुमच्या प्रश्नात काय संपत आलंय असं तुम्हाला वाटतं?" नव्वद टक्के सोडा, जवळजवळ प्रत्येक जण उत्तर देतो, आणि ते उत्तर त्याला आधीच माहीत असतं.

स्मिथच्या डेथच्या चित्रात मागे दोन मनोऱ्यांमधून सूर्य दिसतो आणि घोड्यासमोर एक लहान मूल न घाबरता बघत बसलंय. हे दाखवा, बोट ठेवून दाखवा. फक्त त्याचा उपयोग कार्ड गुळगुळीत करायला करू नका. टॉवर आलं तर मी 'काहीतरी अचानक कोसळणार' असं म्हणत नाही, 'कशाच्या भिंतीला आधीपासून तडे गेलेत' असं विचारते. कठीण कार्ड लपवणारा रीडर क्लायंटच्या लगेच लक्षात येतो.

१०. काही जण म्हणतात 'मी काही सांगणार नाही, तुम्हीच ओळखा'. तेव्हा?

त्यांचा राग मानू नका, त्यांना आधी कोणीतरी फसवलेलं असण्याची शक्यता बरीच असते. मी सरळ सांगते की मी मनातलं ओळखत नाही, विषय तरी सांगा, नोकरी की नातं की घर.

आणि एक प्रकरण प्रत्येक रीडरला माहीत असलंच पाहिजे. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांना 'तुझ्या स्वभावाचं खास तुझ्यासाठी केलेलं वर्णन' म्हणून एकेक कागद दिला, किती जुळतं याला त्यांनी ५ पैकी सरासरी ४.२६ मार्क दिले, आणि कागद सगळ्यांचा एकच होता. 'तुम्ही वरून खंबीर दिसता पण आतून हळवे आहात' हे वाक्य कोणालाही लागतं. त्यामुळे क्लायंट 'अगदी बरोबर!' म्हणाला की खूश होण्याआधी स्वतःला विचारा, हेच वाक्य मागच्या क्लायंटलाही चाललं असतं का? चाललं असतं तर ते रीडिंग नव्हतं. मी माझी जुनी रेकॉर्डिंग ऐकून (क्लायंटच्या परवानगीने केलेली) अशी वाक्यं खोडत गेले, सुरुवातीला फार टोचलं ते. कपडे, अंगठी, चेहरा बघून ओळखायचं आणि कार्डांनी सांगितलं म्हणायचं, हे तर करूच नका. दिसलं असेल तर 'तुमचे डोळे भरून आलेत, थांबूया का' असं म्हणा.

११. आजारपण, गरोदरपण, कोर्टकेस, शेअर्स, यावर कार्डं काढावीत का?

मी काढत नाही. 'गाठ साधी आहे ना, कार्ड काढून सांगा' असा मेसेज येतो तेव्हा त्या माणसाची भीती मला कळते, पण माझ्या एका 'चांगलं कार्ड आलंय' मुळे तपासणी महिनाभर पुढे गेली तर? त्याच्यासोबत बसून 'डॉक्टरकडे जायची भीती कशाची वाटतेय' यावर कार्डं काढता येतात, आणि तेही तो जाणार असेल तरच. कोर्टाला वकील, गुंतवणुकीला त्यातला माणूस.

१२. 'माझा एक्स माझ्याबद्दल काय विचार करतोय' हा प्रश्न घ्यावा का?

मला हा सगळ्यात जास्त येतो आणि मी तो असाच घेत नाही. जो माणूस समोर नाही, ज्याची परवानगी नाही, त्याच्या मनात काय आहे हे मी सांगितलं तर ते खरं की खोटं कोणी तपासू शकत नाही, पण क्लायंट त्याच्या जोरावर रात्री एक वाजता मेसेज करून बसतो. मी प्रश्न वळवते, "त्याच्याकडून काय ऐकलं म्हणजे तुला मोकळं वाटेल?" यावर तीन कार्डं. काही जण नाराज होऊन जातात, जाऊ दे. बॉस, सासू, मैत्रीण, सगळ्यांना हाच नियम. लहान मुलाबद्दल आई-बाबांनी विचारलं तर मी आई-बाबांनी काय करावं एवढ्यावरच बोलते.

१३. तोच क्लायंट तोच प्रश्न दर आठवड्याला घेऊन येतो. पैसे देतोय, मग घ्यायचं का?

नाही. माझ्याकडे त्याच प्रश्नावर किमान तीन महिने परत रीडिंग नाही, मध्ये खरंच काही घडलं असेल तरच. पहिल्यांदा हा नियम लावला तेव्हा माझं एक नेहमीचं गिऱ्हाईक गेलं आणि त्या महिन्यात ते जाणवलं, खोटं कशाला बोलू. पण त्या बाईंना काय खायचं-प्यायचं सोडून प्रत्येक गोष्टीला माझा फोन लागत होता आणि हे वाढवण्यात माझाही हात होता. आता दुसऱ्यांदा तोच प्रश्न आला की मी मागच्या वेळची नोंद वाचून दाखवते आणि विचारते, 'यातलं काय करून पाहिलं?'

१४. 'माझ्यावर कोणीतरी काहीतरी केलंय का, शाप आहे का' असं विचारतात. उपाय सांगावा का?

नाही, नाही आणि नाही. या धंद्यातली सगळ्यात मोठी फसवणूक इथेच होते. आधी भीती घालायची, मग ती काढायचे पैसे, मग 'अजून थोडी राहिलीय' म्हणून परत पैसे, आणि माणूस कर्ज काढतो. ७८ कार्डांमध्ये शापाचं कार्ड नाही. डेव्हिल या कार्डाच्या चित्रात बांधलेल्या दोघांच्या गळ्यातल्या साखळ्या इतक्या सैल आहेत की हाताने काढता येतील, मी ते दाखवते. आणि कोणी तुमच्याकडून शाप उतरवायला पैसे मागितले असतील तर एक रुपयाही देऊ नका, घरातल्या विश्वासाच्या माणसाला सांगा, दिले असतील तर पोलिसांत तक्रार करा, लाज तुम्ही वाटून घ्यायची नाही.

१५. रीडिंग चुकलं आणि क्लायंट परत येऊन म्हणाला 'तुम्ही सांगितलं तसं झालंच नाही', तर?

माझ्यासोबत झालंय. सुरुवातीच्या काळात एका मुलीला मी फार ठामपणे म्हणाले होते की नवीन जागी तुझं चांगलं होईल, नाइट ऑफ वॉन्ड्स, सन, सगळी छान कार्डं. चार महिन्यांनी तिने लिहिलं की ती नोकरी गेली. मी उत्तरात आधी 'कार्डांचा अर्थ असाही होतो' वगैरे टाइप केलं होतं, मग ते पुसून टाकलं आणि लिहिलं की मी जेवढ्या खात्रीने बोलले तेवढ्या खात्रीने बोलायला नको होतं, चूक माझी. पैसे परत केले. तिने ते घेतले आणि ती पुन्हा आली नाही, आणि तसं करण्याचा तिला पूर्ण हक्क होता. 'तुमची श्रद्धा कमी पडली' किंवा 'तुमची एनर्जी ब्लॉक होती' असं म्हणून चूक क्लायंटच्या गळ्यात मारू नका.

१६. रिव्ह्यू कसे मिळवायचे? क्लायंटचे चॅट स्क्रीनशॉट टाकले तर चालतं का?

लेखी परवानगीशिवाय नाही, नाव झाकलं तरी नाही, कारण गोष्ट वाचून ओळखीचे लोक बरोबर ओळखतात. सेशननंतर लगेच रिव्ह्यू मागू नका, माणूस भारावलेला असतो. मी दोन-तीन आठवड्यांनी एकच मेसेज करते, 'त्या दिवशीचं काही उपयोगी पडलं का, नसेल तर तेही सांगा'. 'नाही' असं आलेलं उत्तर वहीत जातं. तुमच्या नोंदींतही पूर्ण नावं लिहू नका, वही किंवा फोन हरवला तर काय होईल याचा विचार करून लिहा.

१७. ऑनलाइन रीडिंग प्रत्यक्षाइतकं विश्वासाचं वाटतं का?

वाटू शकतं. व्हिडिओ कॉलवर कॅमेरा टेबलाकडे वळवा, शफल आणि कार्डं काढणं दिसू द्या, कधी थांबायचं ते क्लायंटला सांगू द्या. ईमेलवर रीडिंग देत असाल तर पसरलेल्या कार्डांचा फोटो जोडा आणि त्या माणसाचा प्रश्न त्याच्याच शब्दांत वर लिहा, म्हणजे तयार मजकूर चिकटवलेला नाही हे दिसतं. तुमच्या नावाने, तुमचाच फोटो लावून कोणीतरी खोटं अकाउंट काढून लोकांना मेसेज करतं, हे रीडर्सच्या बाबतीत सारखं होतं. प्रोफाइलवर कायमचं लिहून ठेवा: मी स्वतःहून कोणालाही 'तुमच्यासाठी संदेश आहे' असा मेसेज करत नाही. आणि खरंच करू नका.

१८. मित्रमैत्रिणींचं, घरच्यांचं रीडिंग करावं का?

सरावाला हो, गंभीर प्रश्नाला नको. बहिणीचा नवरा तुम्हाला आवडत नसेल तर तुमच्या हातात टू ऑफ कप्ससारखं प्रेमाचं कार्डसुद्धा वाईट वाचलं जाईल. दुसऱ्या रीडरचं नाव द्या.

१९. सेशनमध्ये कोणी 'जगून काय करायचं' असं बोललं तर?

कार्डं खाली ठेवा. रीडिंग तिथे संपलं. शांतपणे, सरळ विचारा, 'तुमच्या मनात जीव द्यायचा विचार येतोय का?' असं विचारल्याने तो विचार डोक्यात भरवला जातो ही समजूत चुकीची आहे. ऐकून घ्या, एकटं सोडू नका, त्यांच्या विश्वासाच्या माणसाला तिथूनच फोन लावायला सांगा, हेल्पलाइनचा नंबर द्या, आणि लगेचचा धोका वाटला तर इमर्जन्सी सेवेला कळवा. प्रश्न ७ मध्ये 'इथलं इथेच राहतं' असं मी म्हणते त्याला हा एकच अपवाद आहे, आणि तोही मी त्या माणसाला तोंडावर सांगूनच करते. हेल्पलाइनचा नंबर आणि दोन-तीन काउन्सेलरची नावं डेकच्या पिशवीतच लिहून ठेवा, ऐनवेळी शोधता येत नाही.

२०. १६-१७ वर्षांची मुलं विचारतात. करावं का?

पालकांना माहीत असल्याशिवाय नाही.

२१. ताई, मला स्वतःलाच कधी कधी वाटतं की हे सगळं खरंच काम करतं का. अशा वेळी पैसे घेणं बरोबर आहे का?

हा प्रश्न ज्यांना पडतो त्यांच्याकडे मी माझ्या माणसांना बिनधास्त पाठवीन. कार्डांना घटना आधी कळतात असं दाखवणारा पुरावा माझ्याकडे नाही आणि तसा दावा मी करत नाही. माणूस चित्र समोर असलं की ज्या गोष्टी एरवी टाळतो त्या बोलतो, हे मी रोज बघते आणि त्या वेळेचे, त्या लक्ष देण्याचे पैसे घेते. क्लायंटने विचारलं, 'तुमचा विश्वास आहे का?' तर हेच उत्तर मी त्यालाही देते, याच शब्दांत. ज्या दिवशी डोकं ठिकाणावर नसेल, स्वतःच्याच घरात काही चालू असेल, त्या दिवशी बुकिंग पुढे ढकला, कारण सांगायची गरज नाही, फक्त आदल्या दिवशी कळवा म्हणजे त्या माणसाची फेरी वाया जाणार नाही.